मास्तरांच्या कानातला देश

सावधान मास्तर कोणाच्या घरी गेले आणि चहा पुढे आला, की ते तो गरम गरमच घशाखाली उतरवायचे. तल्लफ म्हणून नव्हे. कप लवकर रिकामा झाला की तो उलटा करून बुडावर कुठल्या देशाचं नाव छापलंय ते बघता यायचं. आपल्या देशाचं निघालं तर "ठीक आहे" म्हणायचे. सीमेपलीकडच्या देशाचं निघालं तर कप बशीत न ठेवता टेबलाच्या अगदी कडेला ठेवायचे, पडला तर पडू दे अशा बेताने. मुलासाठी मुलगी बघायला गेले तेव्हाही त्यांनी हेच केलं. कप उलटा केला, डोळे बारीक केले आणि मान डोलवून म्हणाले, "ठीक आहे." मुलीकडच्यांना वाटलं, पसंती आली. त्यांनी तिथल्या तिथे हात जोडले. आता मास्तरांना "मी कपाबद्दल बोललो" असं कसं सांगता येणार? लग्न झालं. सून चांगली निघाली, हे मास्तरांचं नशीब आणि त्या कपाचे उपकार.

उभं आयुष्य त्यांनी शाळेच्या मैदानावर काढलं. कवायत शिकवायचे. पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी, आणि आवाज असा की त्यांनी मैदानावर "सावधान" म्हटलं की पलीकडच्या रस्त्यावरचा भाजीवालासुद्धा टाचा जुळवायचा. नाव त्यावरूनच पडलं. शर्यत सुरू करायचं पिस्तूल ते स्वतः उडवायचे. हात सरळ वर हवा, आणि हात खरोखर सरळ असेल तर दंड कानाला टेकलाच पाहिजे, असा त्यांचा नियम. तो त्यांनी निवृत्त होईपर्यंत पाळला. त्यात उजवा कान गेला, आणि पुढे डाव्यानेही त्याच्यामागोमाग रजा घेतली.

मास्तर स्वतःला राष्ट्रवादी म्हणवून घ्यायचे. कोणी आपण सुतार आहोत किंवा वकील आहोत असं सांगतं ना, तसं ते सांगायचे. त्यांच्या लेखी यात समजून घेण्यासारखं अवघड काही नव्हतं. "देशासाठी तू काय टाकून द्यायला तयार आहेस ते सांग," ते म्हणायचे, "म्हणजे तू कोण आहेस ते मी सांगतो."

आणि हे नुसतं बोलणं नव्हतं, याला एक प्रसंग साक्षी होता. एके वर्षी सीमेवर काहीतरी पेटलं, रेडिओवर दिवसभर त्याच बातम्या. मास्तर त्यांच्या इमारतीच्या मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांनी फर्मान काढलं की पलीकडच्या देशात बनलेली झाडून सगळी चीजवस्तू रविवारी अंगणात आणायची आणि फोडून टाकायची. लोक उत्साहाने आले. जळकी इस्त्री आली, काड्या मोडलेल्या छत्र्या आल्या, एका डोळ्याची बाहुली आली, झाकण नसलेले थर्मास आले. ढीग छान झाला. त्या ढिगात चालू स्थितीतली एकच वस्तू होती, ती म्हणजे मास्तरांच्या बैठकीतलं भिंतीवरचं घड्याळ. ते टिकटिकत असतानाच त्यांनी त्यावर हातोडा घातला.

तळमजल्यावर घड्याळजीचं दुकान होतं. घड्याळजी आणि मास्तर एका बाकावर बसून शिकलेले, एकमेकांच्या पाठीवर थाप मारून वाढलेले. घड्याळजी दुकानाच्या दारात उभा राहून हे बघत होता. त्याच्याने राहवलं नाही.

"अरे, चालतं घड्याळ फोडलंस? त्याने काय गुन्हा केला?"

"ते त्यांचं आहे!"

"वेळ तर आपलीच दाखवत होतं ना?"

लोक हसले. मास्तरांना हसणं सहन व्हायचं नाही, कवायतीत हसायची पद्धतच नव्हती. ते भर अंगणात म्हणाले, "तुझ्यासारख्यांमुळे देशाचं वाटोळं होतं. देशद्रोही आहेस तू!" घड्याळजी मागे वळला. आत जाऊन भिंग डोळ्याला लावून बसला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. जिना एकच, नळाची टाकी एकच, पण एकजण उतरताना दिसला की दुसरा चपलेत खडा गेल्यासारखं करून वाकायचा. अशी कैक वर्षं गेली.

मास्तरांच्या घरात पुन्हा घड्याळ लागलं ते आपल्या देशाचं. ते पुढे पळायचं. मास्तर म्हणायचे, "देश पुढे चाललाय."

कानांचंही तसंच झालं. ऐकायला येईनासं झाल्यावर त्यांनी आपल्या देशात बनलेलं यंत्र आणलं. ते सुपारीएवढं होतं आणि कानात घातलं की शिट्टी वाजवायचं. मंडळाच्या सभेत ते वाजलं की कोणाच्या तरी घरी गॅसवर काहीतरी राहिलंय म्हणून दोघी-तिघी बायका उठून पळायच्या. शेवटी मास्तर ते बंद करून कानात घालू लागले. देशाचा मान राहिला आणि शिट्टीही थांबली. ऐकायचं तेवढं राहून गेलं.

मास्तरीणबाई बिचाऱ्या ओरडून ओरडून थकल्या. स्वभावाने मऊ बाई, आवाजही मऊ. पण घरात राहायचं तर घसा फोडण्यावाचून इलाज नव्हता. त्यांच्या घरी आज भाजी कुठली, कोणाचं पोट बिघडलं, सुनेच्या माहेरी काय चाललंय, हे सगळं अख्ख्या इमारतीला तोंडपाठ. एकदा त्या स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अहो, गेलं! सगळं उतू गेलं!" मास्तर वर्तमानपत्र खाली ठेवून गंभीरपणे उभे राहिले. "कधी गेला? चांगला माणूस होता."

यावर घरचे हसायचे. हसणं थांबलं ते पाववाल्याच्या गाडीमुळे. गाडी गल्लीत मागे घेत होता, भोंगा वाजवत होता, आणि मास्तर आपले ताठ मानेने तिच्या मागून चाललेले. धक्का लहानच लागला. हाताला खरचटलं, गुडघा सुजला, एवढ्यावर निभावलं. पण पाववाला गाडी तशीच सोडून जिना चढून वर आला. सुनेला म्हणाला, "ताई, मी किती वेळ भोंगा वाजवत होतो. माझ्या हातून यांचं काही झालं असतं तर?" तो गेल्यावर सून सासूला म्हणाली, "आई, आता बास झालं."

मुलगा नोकरीपायी परगावी, तेव्हा तीच सासऱ्यांना मोजमापासाठी कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरने मास्तरांना बाहेर बसवलं आणि तिला सांगितलं, "यांच्या कानाला लागेल असं यंत्र एकच आहे. पलीकडे बनतं."

"दुसरं काहीच नाही?"

"आहे की. तेच जे त्यांनी बंद करून ठेवलंय."

सून निमूटपणे ते घेऊन घरी आली. खोका रस्त्यातच टाकून दिला. पण यंत्राच्या पोटावर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, त्या देशाचं नाव होतं. आणि मास्तर यंत्र कानात घालायच्या आधी उलटं करून बघणार, यात तिळमात्र शंका नव्हती. सासू-सुना एकमेकींकडे बघत बसल्या. मग मास्तरीणबाई उठल्या, यंत्र रुमालात गुंडाळलं आणि दुपारी, मास्तर झोपलेले असताना, तळमजल्यावर गेल्या.

घड्याळजीने त्यांना इतक्या वर्षांनी दुकानाच्या पायरीवर बघितलं आणि स्टूल पुढे सरकवलं. "बसा वहिनी. कोण आजारी आहे का?"

बाईंनी सगळं सांगितलं. सांगताना जरा ओरडूनच सांगितलं, सवयच पडलेली. घड्याळजी म्हणाला, "वहिनी, मला ऐकू येतं." बाई लाजल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तेवढं नाव काढून टाका. आणि जमलं तर आपल्या देशाचं घाला."

घड्याळजीने भिंग लावलं, यंत्र फिरवून फिरवून पाहिलं. "पुसून देतो. पण खोटं लिहायला लावू नका. खरं पुसणं वेगळं आणि खोटं लिहिणं वेगळं. यातला फरक मला नीट सांगता येणार नाही, पण हाताला कळतो." एवढं म्हणून त्याने एक बारीक कानस घेतली, आणि बघता बघता यंत्राला देश उरला नाही.

मास्तरांनी नेहमीप्रमाणे यंत्र उलटं केलं. चष्म्यावर भिंग धरून पाहिलं. खिडकीपाशी नेऊन पाहिलं.

"नाव कुठंय?"

"अहो, आपलंच आहे!" बाई ओरडल्या. "घरच्या माणसाला कोणी नाव सांगतं का?"

मास्तरांना हे इतकं पटलं की त्यांचा चेहरा उजळला. "हाच आपल्या लोकांचा मोठेपणा. ते पलीकडचे बघ, टाचणीवरसुद्धा नाव छापतात. आपण काम करतो आणि गप्प बसतो." असं म्हणून त्यांनी ते कानात घातलं.

पहिल्यांदा त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला आणि ते दचकले. "मी एवढ्या मोठ्याने बोलतो?" सून म्हणाली, "हो बाबा." ती नुसती पुटपुटली होती, पण त्यांना ऐकू आलं. मग नळाची धार ऐकू आली, पंख्याची कुरकुर आली, दिव्याचं बटण टिक करतं हे नव्याने कळलं. नवं घड्याळ टिकटिकताना मध्येच एक ठोका गाळतं, हेही लक्षात आलं, पण त्याबद्दल ते काही बोलले नाहीत.

संध्याकाळी बाई वाळलेले कपडे घडी घालत होत्या. मास्तर दारात येऊन थबकले.

"तू गातेस?"

"रोज गाते."

"कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून," बाई म्हणाल्या आणि उशीच्या अभ्र्याची घडी घातली.

मास्तर पलंगाच्या कडेवर बसले. म्हणाले, "चालू दे." बाई काही पुढे गायल्या नाहीत. मान खाली घालून हसत राहिल्या. पण दुसऱ्या दिवशी गायल्या.

त्या घरातला आरडाओरडा थांबला. इतका थांबला की शेजारच्या बाई काळजीने चौकशीला आल्या. "सगळं ठीक आहे ना? दोन दिवस तुमच्याकडे भाजी काय केली तेही कळलं नाही." नवराबायको जेवताना हळू आवाजात गप्पा मारू लागले. बाईंनी साठवून ठेवलेलं पुष्कळ होतं. ओरडून सांगण्यासारख्या गोष्टी आतापर्यंत सांगून झाल्या होत्या, पण हळूच सांगायच्या तशाच पडून होत्या. मास्तर ऐकायचे. मध्येच म्हणायचे, "हे तू मला आधी का नाही सांगितलंस?" आणि मग स्वतःच कानातलं यंत्र चाचपायचे.

पुढच्याच महिन्यात राष्ट्रदिन आला. अंगणात झेंडा फडकवणं, राष्ट्रगीत आणि नंतर अध्यक्षांचं भाषण, हा मास्तरांचा मानाचा दिवस. ते इस्त्रीच्या कपड्यांत, पांढरे बूट घालून, सर्वांत पुढे उभे राहिले. झेंडा वर गेला. मास्तरांनी खणखणीत आवाजात राष्ट्रगीत सुरू केलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या मागचा देश ऐकू आला.

पहिली ओळ सगळ्यांनी म्हटली. दुसरीला निम्मे गळाले. तिसरीपासून नुसतं गुणगुणणं. मागच्या रांगेत कोणीतरी कोणाला विचारत होतं, "टाकीचं पाणी आज येणार का?" एकजण जांभई देता देता सूर लावत होता. आणि पुढे तारस्वरात, सगळ्यांच्या वर, एकच माणूस पूर्ण बेसूर गात होता. ते स्वतः मास्तर होते.

दुसरा कोणी असता तर तिथेच खचला असता. मास्तर खचले नाहीत, पण हादरले. आजवर त्यांना वाटत आलं होतं की आपण सुरू केलं की मागे भिंत उभी राहावी तसा आवाज उठतो. भाषणाला उभे राहिले तेव्हा ठरवलेलं काहीच आठवेना. लोक वाट बघत होते. मग त्यांना आपल्याजवळची एकुलती एक आनंदाची गोष्ट सुचली. कानातलं यंत्र काढून त्यांनी हात उंच केला, शर्यत सुरू करताना करायचे तसा, दंड कानाला टेकवून.

"हे बघा! हे आपल्या देशात बनलंय! यावर नाव नाही, गाव नाही, गाजावाजा नाही! कोण म्हणतं आपल्याला जमत नाही? मी काल बहिरा होतो, आज मला तुमची कुजबुजसुद्धा ऐकू येते!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तरांना अर्थातच तो ऐकू आला नाही, यंत्र हातात होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीत सासू-सुना पांढऱ्याफटक पडल्या. तळमजल्यावर घड्याळजीने दुकानाचं दार हळूच ओढून घेतलं.

कोपऱ्यावर रंगाचं दुकान असलेला एक गृहस्थ इमारतीत राहायचा. त्याला सगळे रंगवाला म्हणायचे. वयाने लहान, पण देशभक्तीत मास्तरांच्या एक पायरी वर जायची त्याची जुनी खटपट. त्याच्या वडिलांनाही ऐकू येत नव्हतं. भाषण ऐकून तो दुसऱ्याच दिवशी वडिलांना घेऊन त्याच डॉक्टरकडे गेला आणि म्हणाला, "मास्तरांचं आहे तेच द्या. आपल्या देशाचं." डॉक्टर भोळा माणूस. त्याने जे खरं ते सांगितलं.

त्या संध्याकाळी रंगवाला चार-पाच जणांना बरोबर घेऊन जिना चढून आला. मास्तरांनी दार उघडलं.

"मास्तर," रंगवाला म्हणाला, "तुमच्या कानात शत्रू बसलाय."

"काय बडबडतोस?"

"डॉक्टरला विचारा. नाहीतर घरात विचारा."

मास्तर मागे वळले. बाई आणि सून दोघी उभ्या होत्या. मास्तरांना विचारावं लागलंच नाही. बाई म्हणाल्या, "हो. पलीकडचं आहे. मीच नाव काढून घेतलं."

"कोणाकडून?"

"खालच्या भावजींकडून."

मास्तरांनी दार लावून घेतलं. यंत्र कानातून काढलं, टेबलावर ठेवलं आणि खुर्चीत बसले. संतापले नाहीत, ओरडले नाहीत. त्यांचं ओरडणं बाईंना सोसलं असतं. त्यांनी फक्त ऐकणं सोडून दिलं.

असे बरेच दिवस गेले. यंत्र टेबलावर पडून राहिलं. सून कामावर जाताना खुणा करायची, मास्तर मान हलवायचे. बाईंनी मात्र एक गोष्ट केली. त्या पुन्हा ओरडायला लागल्या नाहीत. जेवायला वाढायच्या, पाणी द्यायच्या, बोलायच्या तेही आपल्या मऊ आवाजात, जणू समोरचा ऐकतोच आहे.

एका दुपारी मास्तर त्यांना म्हणाले, "मला फसवलंस तू. शत्रूच्या वस्तूने ऐकण्यापेक्षा न ऐकलेलं बरं."

बाई हातातलं काम ठेवून त्यांच्यासमोर येऊन बसल्या. शांतपणे काहीतरी बोलल्या. बरंच बोलल्या. बोलताना त्यांचे डोळे भरले, एकदा हसल्याही. मग थांबल्या.

"काय?" मास्तर म्हणाले.

बाईंनी मान हलवली.

"काय म्हणालीस? मोठ्याने सांग ना!"

बाई उठल्या आणि आत गेल्या. सून तिथेच भाजी निवडत होती. तिचे हात थांबलेले होते आणि ती नाकाला पदर लावून बसली होती. मास्तरांनी तिला खुणेने विचारलं. ती त्यांच्या कानापाशी वाकून ओरडली, "बाबा, ते ओरडून सांगता येण्यासारखं नव्हतं!"

मास्तरांनी टेबलावरचं यंत्र उचललं, कानात घातलं आणि स्वयंपाकघराच्या दारात गेले. "आता सांग."

"झालं माझं सांगून," बाई म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी कितीदा विचारलं, पण त्या पुन्हा काही बोलल्या नाहीत. बाई आयुष्यात एकदाच हट्टाला पेटल्या, पण पेटल्या त्या पेटल्या. ते काय होतं हे मास्तरांना शेवटपर्यंत कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर तळमजल्यावर गेले. घड्याळजी एका मनगटी घड्याळाचं पोट उघडून बसला होता. वर न बघता म्हणाला, "आज खडा नाही गेला चपलेत?"

"नाव तू पुसलंस?"

"पुसलं."

"परत घाल."

आता घड्याळजीने भिंग काढलं आणि मित्राकडे पाहिलं. "काय?"

"बहिरा मी आहे की तू? नाव परत घाल त्यावर. ज्यांनी बनवलंय त्यांचं. मी वापरणार आहे. मला त्याशिवाय... घरात अडचण होते. पण चोरून वापरणार नाही. वापरायचं तर उघड वापरीन."

घड्याळजी आधी गालातल्या गालात हसला, मग त्याला हसू आवरेना. मास्तर ताठ उभेच.

"हसतोस काय?"

"अरे, तू अंगणात ढीग लावलास ना, त्याच्या आदल्या दिवशी माझ्याकडे रांग लागली होती. हे नाव काढून द्या, ते नाव काढून द्या. चालतं ते सगळं माझ्याकडे आलं आणि मोडकं ते तुझ्याकडे. मी दिवसभर पलीकडचा देश कानशीने घासत होतो. आणि दुसऱ्या दिवशी देशद्रोही ठरलो." त्याने डोळे पुसले. "नाव परत घाल म्हणणारा तू पहिला."

"कोण कोण आलं होतं?"

"ते सांगत नसतो. गिऱ्हाइकाचं गिऱ्हाइकापाशी."

मास्तर स्टुलावर बसले. म्हणाले, "हे तू तेव्हा भर अंगणात का नाही बोललास? मी तुला एवढं बोललो."

"बोललो असतो तर तू एकटा पडला असतास," घड्याळजी म्हणाला. "तूच एक खरा होतास तिथे. मूर्ख होतास, पण खरा."

मास्तरांना यातलं नक्की काय मनाला लावून घ्यावं ते कळेना. शेवटी त्यांनी यंत्र काढून पुढे केलं. घड्याळजीने ते चिमट्यात धरलं, टोकदार सुई घेतली आणि एकेक अक्षर पुन्हा कोरलं. आधीच्यापेक्षा जरा ठळक कोरलं. तेवढा वेळ मास्तर काही न ऐकता बसून राहिले, समोरच्या कपाटात लटकणाऱ्या घड्याळांकडे बघत. त्यातल्या दोन घड्याळांची वेळ एक नव्हती.

पुढच्या रविवारी मंडळाची सभा झाली. मास्तर उठून उभे राहिले आणि सरळ सांगून टाकलं. "राष्ट्रदिनाला मी जे बोललो ते चूक होतं. हे यंत्र पलीकडे बनलेलं आहे. त्यावर तसं लिहिलंय, कोणाला बघायचं असेल त्याने बघावं. मी ते वापरतो आणि वापरणार."

त्यांना वाटलं होतं, खरं बोललो की लोक समजून घेतील. लोक एकमेकांकडे बघू लागले. बघताना बऱ्याच जणांनी आपल्या शर्टाच्या बाह्या मनगटावरच्या घड्याळांवर ओढल्या.

रंगवाल्याने विचारलं, "म्हणजे तुम्ही आता राष्ट्रवादी नाही?"

मास्तर विचारात पडले. सभेत त्यांना विचार करताना कोणी पाहिलं नव्हतं. "मला परवापर्यंत पक्कं ठाऊक होतं," ते म्हणाले. "आता बघावं लागेल."

असल्या उत्तराने अध्यक्षपद टिकत नसतं. हात वर झाले आणि रंगवाला अध्यक्ष झाला. त्याने महिनाभरात अख्खा जिना झेंड्याच्या रंगांत रंगवून टाकला, कठड्यासकट. जिन्यात आता मास्तरांना कोणी नमस्कार करत नसे. त्यांच्यामागे त्यांना ‘पलीकडचे’ म्हणू लागले. पूर्वी असतं तर त्यांना ते कळलंही नसतं. आता प्रत्येक शब्द कानात पडायचा. एकदा त्यांनी घरी येऊन बाईंना सांगितलं, "मला पलीकडचे म्हणतात." बाई म्हणाल्या, "ऐकू येतंय ना? मग झालं."

पुढचा राष्ट्रदिन आला. रंगवाल्याने मोठे कर्णे लावले होते आणि राष्ट्रगीताची रेकॉर्ड आणली होती, म्हणजे कोणी गावं न गावं, गीत पूर्ण होणार. मास्तर इस्त्रीचे कपडे, पांढरे बूट घालून खाली आले. पुढे जागा नव्हती, म्हणून मागच्या रांगेत उभे राहिले. शेजारी घड्याळजी. मागची रांग ही काय चीज असते ते त्यांना तेव्हा समजलं. कोणाचं छत गळत होतं, कोणाची मुलगी नापास झाली होती, कोणाला खोलीत भाडेकरू ठेवायचा होता. पुढे कर्ण्यातून देश गर्जत होता आणि मागे तो हळू आवाजात आपली गाऱ्हाणी सांगत होता. मास्तर दोन्ही ऐकत होते.

त्यांच्या पलीकडे पहिल्या मजल्यावरच्या आजी उभ्या होत्या. काठीवर सगळा भार, पाय लटपटत होते. आजी स्वतःशीच पुटपुटल्या, "पुढच्या वर्षी काही मी येत नाही." एवढ्या कर्ण्यांच्या आवाजात हे दुसऱ्या कोणाला ऐकू आलं नसतं. मास्तर रांग सोडून घड्याळजीच्या दुकानात गेले, स्टूल घेऊन आले आणि म्हणाले, "बसा आजी."

"अहो, गीत चालू आहे!"

"माझ्या कवायतीत एकदा एका पोराला प्लास्टरच्या पायावर उभं केलं होतं मी," मास्तर म्हणाले. "तुम्ही बसा."

आजी बसल्या आणि त्यांनी एक लांब सुस्कारा टाकला. मास्तर त्यांच्यामागे टाचा जुळवून, छाती पुढे काढून, नजर झेंड्यावर ठेवून उभे राहिले. पुढून रंगवाल्याचं लक्ष गेलं. राष्ट्रगीत संपायची वाट न बघता त्याने कर्ण्यातूनच सुनावलं, "मागे कोण बसलंय? उभे राहा! मास्तर, तुम्हाला सांगतोय!"

मास्तरांना तो शब्दन् शब्द स्वच्छ ऐकू आला होता. त्यांनी कानाला हात लावला, चेहरा शक्य तितका बावळट केला, आणि मैदानावरच्या जुन्या आवाजात ओरडले,

"काय म्हणालात? जरा मोठ्याने बोला, ऐकू येत नाही!"